विश्लेषण : प्रश्न एडिनबरात, चाव्या लंडनमध्ये? स्कॉटलंडचे आमदार सरकारला जाब कसा विचारतात?

बालदारिद्र्य १८ टक्क्यांच्या खाली आणण्याची जबाबदारी स्कॉटलंडच्या सरकारने स्वतःच कायदा करून अंगावर घेतली होती. मुदत होती २०२३-२४. मार्च २०२५ मध्ये आकडे आले, तेव्हा प्रमाण २२ टक्के निघाले. विरोधकांनी अर्थातच जाब विचारला. सरकारची बाजू अशी, की शक्य ते आम्ही केले, पण लंडनमधील सरकारच्या धोरणांनी पाय ओढले.

हे उत्तर खरे की पळवाट? जिथे एक सरकार दुसऱ्या सरकारच्या तिजोरीवर आणि कायद्यावर अवलंबून असते, तिथे हा वाद कायमचाच असतो. मग आमदाराने प्रश्न विचारायचा तरी कसा? स्कॉटलंडच्या उदाहरणातून समजून घेऊ.

नेमका मुद्दा काय आहे?

स्कॉटलंडच्या संसदेने २०१७ मध्ये बालदारिद्र्य कायदा एकमताने मंजूर केला. २०३०-३१ पर्यंत सापेक्ष दारिद्र्यातील मुलांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणायचे, हे त्याचे अंतिम उद्दिष्ट. वाटेतला टप्पा म्हणून २०२३-२४ साठी १८ टक्क्यांची मर्यादा ठरली.

सापेक्ष दारिद्र्य म्हणजे काय? ब्रिटनमधील सगळी कुटुंबे उत्पन्नानुसार एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचे जे उत्पन्न असेल, त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्नात राहणारे कुटुंब. घराचा खर्च वजा करून हा हिशेब होतो.

आदल्या वर्षी २६ टक्के असलेले प्रमाण २२ टक्क्यांवर आले. म्हणजे घट झाली, पण उद्दिष्ट हुकले. त्याच वर्षी संपूर्ण ब्रिटनचा आकडा ३१ टक्के होता. त्यामुळे एकाच आकडेवारीवरून दोन मथळे निघाले. 'ब्रिटनपेक्षा स्कॉटलंड बरा' हा सरकारचा, आणि 'स्वतःच्याच कायद्यात नापास' हा विरोधकांचा. दोन्ही खरे. म्हणूनच नुसता आकडा विचारून भागत नाही.

स्कॉटलंडचे सरकार आणि आपले राज्य सरकार, फरक काय?

ब्रिटनमध्ये आपल्यासारखी लिखित संघराज्यीय घटना नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेने कायदा करून आपले काही अधिकार स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला दिले. याला 'डिव्होल्यूशन' म्हणजे अधिकारांचे हस्तांतरण म्हणतात.

११ सप्टेंबर १९९७ रोजी स्कॉटलंडमध्ये सार्वमत झाले. सुमारे ७४ टक्के मतदारांनी स्वतंत्र संसदेच्या बाजूने कौल दिला. १९९८ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १ जुलै १९९९ पासून प्रत्यक्ष अधिकार मिळाले. एडिनबरातील होलीरूड भागात बसणाऱ्या या संसदेत १२९ सदस्य आहेत. त्यातले ७३ मतदारसंघांतून आणि ५६ विभागवार पक्षयाद्यांतून निवडले जातात. मुख्यमंत्र्यासारखे पद 'फर्स्ट मिनिस्टर'चे.

आपल्याकडे केंद्र आणि राज्यांचे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत वाटून दिलेले आहेत. स्कॉटलंडमध्ये उलट पद्धत आहे. कायद्यात फक्त लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे. त्या यादीत जे नाही, ते आपोआप स्कॉटलंडचे. आरोग्य, शिक्षण, घरबांधणी, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय एडिनबराकडे. परराष्ट्र धोरण, संरक्षण, इमिग्रेशन, चलन, कामगार कायदे आणि सामाजिक सुरक्षेचा मोठा भाग लंडनकडे.

२०१६ च्या कायद्याने दोन मोठे बदल झाले. स्कॉटलंडची संसद ही कायमस्वरूपी असून तेथील जनतेच्या सार्वमताशिवाय ती रद्द होणार नाही, असे लिहिले गेले. दुसरे म्हणजे, प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचे आणि काही सामाजिक भत्ते चालवण्याचे अधिकार मिळाले. आजचे बहुतेक आर्थिक-सामाजिक प्रश्न या दुसऱ्या बदलातून आलेले आहेत.

आमदार प्रश्न कधी आणि कसे विचारतात?

सर्वाधिक चर्चेत असतो तो गुरुवार दुपारी १२ वाजताचा 'फर्स्ट मिनिस्टर्स क्वेश्चन्स' हा तास. नावाला तास, प्रत्यक्षात ४५ मिनिटांचा. सुरुवातीला प्रमुख विरोधी पक्षांचे नेते विचारतात, नंतर इतर सदस्यांची पाळी. टीव्हीवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिप बहुतेक इथल्याच.

पण तेवढ्यावर थांबले तर चित्र अर्धवट राहते. मंगळवारी ताज्या घडामोडींवरचे प्रश्न असतात. खातेनिहाय प्रश्नांना मंत्री वेगळ्या वेळी उत्तरे देतात. आणि सगळ्यात कमी चर्चेतले, पण सगळ्यात उपयोगाचे हत्यार म्हणजे लेखी प्रश्न. त्याचे उत्तर साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत द्यावे लागते. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळतो आणि प्रश्न-उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर कायमचे राहते. २०२१ मध्ये निवडून आलेल्या सहाव्या संसदेतल्या लेखी प्रश्नांचे क्रमांक 'एस६डब्ल्यू'ने सुरू होतात. हा क्रमांक शोधला, की मंत्री काय म्हणाले ते कोणीही वाचू शकतो.

आपल्या विधिमंडळातील तारांकित-अतारांकित प्रश्न ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तोंडी उत्तराचे नाट्य वेगळे आणि लेखी उत्तरातला आकडा वेगळा. अनुभवी सदस्य आधी लेखी प्रश्नातून आकडा मिळवतो आणि मग सभागृहात उपप्रश्न विचारतो. कारण आकडा सरकारनेच दिलेला असला, की तो नाकारता येत नाही.

याशिवाय अर्थ समिती आणि सामाजिक न्याय समिती मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना, तज्ज्ञांना समोर बसवून दीर्घ चौकशी करतात. 'स्कॉटिश फिस्कल कमिशन' ही स्वतंत्र संस्था कर आणि भत्त्यांच्या खर्चाचे अंदाज जाहीर करते. विरोधी आमदाराकडे स्वतःचे अर्थखाते नसते, त्यामुळे त्याच्यासाठी हे अंदाज मोठा आधार असतात.

'हे आमच्या हातात नाही' हे उत्तर कितपत खरे?

काही वेळा पूर्ण खरे असते. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांचा मुख्य आधार म्हणजे 'युनिव्हर्सल क्रेडिट' हा मासिक भत्ता. त्याचे नियम आणि रक्कम लंडन ठरवते. किमान वेतनही लंडनच ठरवते. त्यामुळे स्कॉटलंडमधील गरीब कुटुंबाच्या उत्पन्नाचा मोठा भाग एडिनबराच्या हाताबाहेर आहे.

पण २०१६ च्या कायद्याने एक दार उघडले. लंडनच्या भत्त्यावर स्वतःच्या पैशाने जास्तीची भर घालण्याची मुभा स्कॉटलंडला मिळाली. त्यातूनच फेब्रुवारी २०२१ मध्ये 'स्कॉटिश चाइल्ड पेमेंट' सुरू झाले. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा तत्सम भत्ता घेणाऱ्या कुटुंबातील सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आठवड्याला १० पौंड, अशी सुरुवात होती. एप्रिल २०२२ मध्ये ते २० पौंड झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये २५ पौंड झाले आणि १६ वर्षांखालील मुलांपर्यंत वाढवले गेले. २०२५-२६ मध्ये ही रक्कम २७.१५ पौंड, म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला तीन हजार रुपयांच्या आसपास होती. मुलांच्या संख्येवर मर्यादा नाही.

इंग्लंडमध्ये असा भत्ता नाही. म्हणजेच 'हातात नाही' हे उत्तर २०१६ नंतर अर्धेच खरे उरले. नियम लंडनचे असले, तरी त्यांवर भर घालण्याचा अधिकार एडिनबराचा आहे. म्हणून आता विचारायचे ते वेगळे. अधिकार आहे, मग पैसा कुठे लावला आणि का?

पैसा येतो कुठून?

स्कॉटलंडच्या खर्चाचा मोठा वाटा लंडनकडून एकगठ्ठा अनुदान म्हणून येतो. ते दरवर्षी किती वाढणार किंवा घटणार, हे 'बार्नेट सूत्रा'ने ठरते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या अर्थखात्यातील मंत्री जोएल बार्नेट यांच्या काळात ते आले, म्हणून त्यांचे नाव.

सूत्र सोपे आहे. इंग्लंडमध्ये आरोग्यासारख्या हस्तांतरित विषयावर खर्च जेवढा वाढतो, त्याचा लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा स्कॉटलंडला मिळतो. स्कॉटलंडची लोकसंख्या इंग्लंडच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी, थोडी कमीच. इंग्लंडमधील रुग्णालयांवर १०० पौंड वाढले, तर एडिनबराच्या तिजोरीत साधारण दहाच्या आतबाहेर पौंड येतात. ते रुग्णालयांवरच खर्च केले पाहिजेत, असे बंधन नाही.

इथे आमदाराला एक पक्का प्रश्न मिळतो. 'इंग्लंडमधील अमुक खर्चवाढीमुळे आपल्याला किती आले आणि ते कशावर गेले?' या प्रश्नाला लंडनकडे बोट दाखवून उत्तर देता येत नाही.

पण सूत्र दुसऱ्या बाजूनेही कापते. वृद्धांच्या हिवाळी इंधन भत्त्याचे उदाहरण घ्या. हा भत्ता स्कॉटलंडकडे येणार होता. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तो इंग्लंड आणि वेल्समध्ये फक्त गरीब वृद्धांपुरता मर्यादित केला. त्याबरोबर स्कॉटलंडला त्यापोटी मिळणारी रक्कमही घटली. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या सरकारनेही त्या हिवाळ्यापुरती तीच मर्यादा स्वीकारली. अधिकार एडिनबराचा असूनही निर्णयाची दिशा लंडनने ठरवली. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही सरकारांनी भत्ता पुन्हा बहुतेक वृद्धांपर्यंत नेला, पण मधला एक थंडीचा मोसम निघून गेला होता.

शिवाय दैनंदिन खर्चासाठी हवे तेवढे कर्ज काढण्याची मुभा स्कॉटलंडला नाही. नवा भत्ता आणला, की पैसा दुसऱ्या खात्यातून काढावा लागतो किंवा कर वाढवावा लागतो. सामाजिक भत्त्यांपोटी लंडनकडून मिळणारी रक्कम आणि स्कॉटलंडचा प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत एक अब्ज पौंडांहून अधिक आहे. हा फरक कुठून भरणार, असे विरोधक दर अर्थसंकल्पात विचारतात.

मग कर किती जास्त?

प्राप्तिकराचे दर स्कॉटलंड स्वतः ठरवते. उर्वरित ब्रिटनमध्ये तीन टप्पे आहेत, स्कॉटलंडमध्ये सहा. १९, २०, २१, ४२, ४५ आणि ४८ टक्के. २०२५-२६ च्या दरांनी एक साधा हिशेब करून पाहू.

वार्षिक पगार २५ हजार पौंड असेल, तर इंग्लंडमध्ये प्राप्तिकर २,४८६ पौंड बसतो. स्कॉटलंडमध्ये २,४५८. म्हणजे कमी पगारवाल्याचे वर्षाला २८ पौंड वाचतात. पगार ६० हजार पौंड असेल, तर इंग्लंडमध्ये ११,४३२ पौंड आणि स्कॉटलंडमध्ये सुमारे १३,२१४ पौंड. म्हणजे वर्षाला जवळपास १,७८० पौंड जास्त.

सरकारचे म्हणणे असे, की ज्यांना परवडते त्यांच्याकडून थोडे जास्त घेऊन मोफत औषधे, स्थानिक विद्यार्थ्यांना मोफत पदवी शिक्षण आणि चाइल्ड पेमेंट देतो. कुशल माणसे आणि उद्योग दूर जातील, अशी विरोधकांची भीती.

यात एक तांत्रिक खुबी आहे, ती अनेकदा सभागृहातल्या गोंधळात हरवते. प्राप्तिकर स्कॉटलंडकडे ठेवला, तेव्हा त्या बदल्यात लंडनचे अनुदान कापले गेले. ही कपात उर्वरित ब्रिटनच्या करवाढीच्या वेगाशी बांधलेली आहे. म्हणून स्कॉटलंडमधील पगार आणि रोजगार ब्रिटनपेक्षा हळू वाढले, तर दर जास्त असूनही त्यातला काही फायदा कपातीत निघून जातो. गेल्या काही वर्षांत हेच घडल्याचे फिस्कल कमिशनने दाखवले आहे. त्यामुळे 'दर किती?' यापेक्षा 'दर वाढवून निव्वळ हातात किती पडले?' हा प्रश्न मंत्र्याला जड जातो.

दोन मुलांची मर्यादा : एका मुद्द्याचा दहा वर्षांचा प्रवास

अधिकार, पैसा आणि जबाबदारी यांची गुंतागुंत समजायला याहून चांगले उदाहरण नाही. जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जाहीर केले, की कुटुंबाला मुलांपोटी मिळणारा भत्ता पहिल्या दोन मुलांपुरताच राहील. ६ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठी तो बंद झाला. एका मुलामागे वर्षाला सुमारे साडेतीन हजार पौंडांचा फटका. याविरुद्ध वेस्टमिन्स्टरमध्ये सातत्याने बोलणाऱ्यांत ग्लासगोच्या तेव्हाच्या खासदार ॲलिसन थेवलिस आघाडीवर होत्या.

एडिनबरात २००७ मध्ये सत्तेवर आलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचा या मर्यादेला विरोध होता. पण विरोधी बाकांवरून उलटा प्रश्न येत असे. 'विरोध आहे, भर घालण्याचा अधिकारही आहे, मग तुम्हीच हा फटका का भरून काढत नाही?' लंडनच्या चुका स्कॉटलंडच्या मर्यादित पैशाने किती दिवस निस्तरायच्या, मर्यादा मुळातूनच काढली पाहिजे, असा सरकारचा युक्तिवाद असे.

जुलै २०२४ मध्ये लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. मर्यादा रद्द करावी, अशी दुरुस्ती स्कॉटिश नॅशनल पार्टीने मांडली. ती ३६३ विरुद्ध १०३ मतांनी फेटाळली गेली. दुरुस्तीच्या बाजूने मत दिलेल्या आपल्याच सात खासदारांना मजूर पक्षाने पक्षातून निलंबित केले. त्यामुळे एडिनबरात प्रश्न विचारणाऱ्या मजूर पक्षाच्या आमदारांची अडचण झाली. त्यांना उलट विचारले जाऊ लागले, तुमचाच पक्ष लंडनमध्ये काय करतोय?

डिसेंबर २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या अर्थमंत्री शोना रॉबिसन यांनी भूमिका बदलली आणि हा फटका स्कॉटलंड भरून देईल, असे अर्थसंकल्पात जाहीर केले. पण कोणत्या कुटुंबांना मर्यादेचा फटका बसतो, ही माहिती लंडनच्या खात्याकडे होती. ती मिळाल्याशिवाय योजना उभी राहत नव्हती. अखेर २ मार्च २०२६ ही तारीख ठरली. खर्चाचा अंदाज पहिल्या पूर्ण वर्षासाठी सुमारे १५ कोटी पौंड होता.

आणि मग २६ नोव्हेंबर २०२५ रोजी रेचल रीव्ह्ज यांनी संपूर्ण ब्रिटनमध्ये ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा केली. स्कॉटलंडने बाजूला काढलेल्या रकमेची त्या कामासाठी गरज उरली नाही. ती बालदारिद्र्यावरच खर्च करू, असे सरकारने सांगितले. त्याबरोबर आमदारांच्या हातात नवा, अगदी मोजता येणारा प्रश्न आला. ही रक्कम नेमकी कोणत्या योजनेत, कधी आणि किती मुलांपर्यंत पोहोचली?

आर्थिक आणि सामाजिक धोरण एकमेकांना कुठे टक्कर देते?

चाइल्ड पेमेंटचा फायदा कोणी फारसा नाकारत नाही. त्यामुळे सुमारे ४० हजार मुले सापेक्ष दारिद्र्याच्या बाहेर राहतात, असा सरकारचा स्वतःचा अंदाज आहे. पण योजनेच्या रचनेत एक कडा आहे.

युनिव्हर्सल क्रेडिट हळूहळू कमी होते. हातात येणारी कमाई एक पौंडाने वाढली, की भत्ता ५५ पेन्सने घटतो. चाइल्ड पेमेंटचे तसे नाही. क्रेडिट सुरू आहे तोवर पूर्ण रक्कम, आणि ते शून्यावर गेले की पेमेंटही पूर्ण बंद. तीन मुलांच्या कुटुंबाला २०२५-२६ च्या दराने वर्षाला ४,२३५ पौंड मिळत होते. आईने कामाचे तास थोडे वाढवले आणि क्रेडिट संपले, तर हे सगळे पैसे एकदम जाऊ शकतात. जास्त काम करून घरात कमी पैसे, अशी स्थिती येते.

मग काय करायचे? रक्कम वाढवली तर ही कडा आणखी उंच होते. कमाईप्रमाणे हळूहळू कमी होईल अशी रचना केली, तर खर्च वाढतो. शिवाय युनिव्हर्सल क्रेडिटची यंत्रणा लंडनची, त्यामुळे कमाईची ताजी माहिती त्यांच्याकडून घ्यावी लागते. रक्कम वाढवा, अशी नुसती मागणी करणारा आमदार टाळ्या घेतो. पण या कड्यावर काय उपाय आहे, हे विचारणारा आमदार त्या आईचा प्रश्न मांडत असतो.

आकडा किती भरवशाचा?

२२ टक्क्यांचा आकडा ब्रिटनभर होणाऱ्या कुटुंब पाहणीतून येतो. स्कॉटलंडपुरता नमुना लहान असल्याने एका वर्षाचा आकडा वर-खाली उडू शकतो. २६ वरून २२ वर झालेली घट पूर्ण खरी आहे, की काही भाग नमुन्यातला चढउतार आहे, हे एका वर्षावरून सांगता येत नाही. म्हणून तज्ज्ञ तीन वर्षांची सरासरीही पाहतात. कायद्यातील उद्दिष्ट मात्र एकाच वर्षाच्या आकड्याला बांधलेले आहे.

त्यामुळे पुढच्या वर्षी आकडा दोनने खाली आला, म्हणून सरकारने पाठ थोपटून घेणे आणि दोनने वर गेला, म्हणून विरोधकांनी आकाश कोसळल्यासारखे बोलणे, दोन्हींकडे जरा सावधपणे पाहायला हवे.

वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काय?

वेल्सला भत्त्यांबाबत स्कॉटलंडसारखे अधिकार नाहीत. तिथे 'आमच्या हातात नाही' हे उत्तर जास्त वेळा खरे असते. प्राप्तिकरातील काही भाग २०१९ पासून ठरवता येतो, पण त्यांनी दर इंग्लंडएवढेच ठेवले.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण वेगळे आहे. पक्षांमधील वादामुळे फेब्रुवारी २०२२ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत तिथे सरकारच पूर्णपणे कार्यरत नव्हते. खाती बराच काळ अधिकाऱ्यांनी चालवली. रुग्णालयांतल्या प्रतीक्षायाद्या होत्या, पगाराचे वाद होते, पण सभागृहात उभे करून उत्तर मागावे असा मंत्री नव्हता. प्रश्न विचारण्याची व्यवस्था नसली की काय होते, ते तिथल्या लोकांनी दोन वर्षे अनुभवले.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

एडिनबरा आणि ग्लासगोत शिकायला, आयटी आणि आरोग्य क्षेत्रात काम करायला महाराष्ट्रातून माणसे जातात. तिथे राहून नोकरी केली, की पगारपत्रकावरील कर-संकेतांकाची सुरुवात 'एस' अक्षराने होते. म्हणजे स्कॉटलंडचे दर लागू. लंडन आणि एडिनबरा अशा दोन ऑफर हातात असतील, तर फक्त पगाराचा आकडा पाहू नये. वरच्या हिशेबातला १,७८० पौंडांचा फरकही धरावा. घरभाडे आणि इतर खर्च अर्थात वेगळे मोजायचे.

कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर सहसा सरकारी भत्ते न घेण्याची अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे चाइल्ड पेमेंटही मिळत नाही. पण मत देता येते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. कर भरणारा, मत देणारा, पण भत्त्याबाहेरचा हा वर्ग आहे. आपल्या विभागाच्या आमदाराला पत्र लिहून लेखी प्रश्न विचारायला सांगणे, हा मार्ग त्यालाही खुला आहे.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा?

या सगळ्यातून तीन कसोट्या निघतात. एक, निर्णयाचा अधिकार कोणाचा? दोन, पैसा कोणाचा आणि तो किती आला? तीन, परिणाम कशाने मोजणार आणि कधी? या तिन्हींची उत्तरे एकाच प्रश्नात कोंबली, की मंत्री सोयीचा भाग उचलतो आणि बाकीचा लंडनच्या दारात ठेवतो. तिन्ही वेगळे करून, आधी लेखी आकडा घेऊन विचारले, तर बोट दाखवायला जागा कमी उरते.

'बालदारिद्र्य का कमी झाले नाही?' हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला दोन सरकारे एकमेकांकडे बोट दाखवून उत्तर देऊ शकतात. 'दोन मुलांच्या मर्यादेसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून या वर्षी किती कुटुंबांना किती मिळाले?' याला एकच सरकार उत्तर देऊ शकते.

२०३०-३१ चे १० टक्क्यांचे उद्दिष्ट कायद्यात कायम आहे. सरकार कोणाचेही असो, २२ वरून १० पर्यंतचा रस्ता लांब आहे आणि त्यातला काही भाग लंडनमधून जातो. किती भाग एडिनबरातून जातो, हे दर गुरुवारी विचारत राहणे, एवढे आमदारांच्या हातात आहे. आणि आपल्याकडेही 'केंद्राने दिले नाही' आणि 'राज्याने केले नाही' अशी दोन उत्तरे एकाच वेळी ऐकू आली, तर याच तीन कसोट्या लावून पाहायला हरकत नाही.